सानुकी उदोन खायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या शिकोकू बेटावर ताकामात्सु नावाचं शहर आहे. तिथं मी तीन वर्षं राहिले. त्या काळात पुण्याहून, नाशिकहून, ओसाकातल्या मराठी मंडळींकडून असे पुष्कळ पाहुणे येऊन गेले. स्टेशनवरून घरी आणेपर्यंत प्रत्येकाचे प्रश्न तेच आणि माझी उत्तरंही तीच, म्हणून शेवटी लिहूनच काढली. हे सगळं कागावा प्रांतातल्या साध्या, रोजच्या उदोन दुकानांबद्दल आहे. कागावाचं जुनं नाव सानुकी, म्हणून इथल्या उदोनला सानुकी उदोन म्हणतात. तोक्योतल्या झगमगाटी हॉटेलात गेलात तर यातलं अर्धं लागू पडणार नाही.

उदोन म्हणजे नूडल्सच ना?

नूडल्सच. गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी, बस्स. सोबा नावाचे नूडल्स करड्या रंगाचे आणि बकव्हीटचे, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे असतात, रामेन नावाच्या नूडल्सच्या पिठात क्षार घालतात. उदोन पांढरे, जाड, चौकोनी कडांचे आणि लांबच लांब. सानुकीवाल्यांना विचारलं की चांगलं उदोन कसं ओळखायचं, तर एकच शब्द ऐकू येतो: कोशि. जपानीत कोशि म्हणजे कंबर. उदोनला 'कंबर' असते म्हणजे काय, तर दात लावला की आधी वरचा थर मऊ लागतो, मग मधे कुणीतरी हलकेच अडवल्यासारखं होतं, आणि मग ते तुटतं. कच्चं राहिलेलं नसतं हं. पाहुणे हमखास विचारतात, 'अगं, शिजलेत ना नीट?' शिजलेत. दहा-पंधरा मिनिटं उकळून, थंड पाण्यात खसाखसा धुतलेत, म्हणून ते तसे लागतात.

एवढ्याशा प्रांतात उदोनचं एवढं वेड कशामुळे?

पावसामुळे, म्हणजे पाऊस नसल्यामुळे. कागावा हा क्षेत्रफळानं जपानचा सगळ्यात छोटा प्रांत. दोन्हीकडून डोंगर पाऊस अडवतात आणि सेतो समुद्राच्या या पट्ट्यात ढग पोचतात ते रिकामे होऊन. मोठी नदी नाही. म्हणून इथल्या लोकांनी हजारो तळी खणली. विमानातून खाली पाहिलं तर शेतांमधे आरशाचे तुकडे पडल्यासारखी दिसतात. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं मान्नो तळं ८२१ साली कुकाई या बौद्ध भिक्षूनं नव्यानं बांधून घेतलं. कुकाई इथलाच. चीनहून येताना उदोनची विद्याही त्यानंच आणली, असं इथला प्रत्येक दुकानदार छातीठोकपणे सांगतो. इतिहासकार याला होकार देत नाहीत, पण दुकानदारापुढे वाद घालून उदोन थंड करण्यात अर्थ नाही.

पाणी कमी म्हणून भाताच्या जोडीला गहू. किनाऱ्यावर मिठागरं. समोरच्या शोदो बेटावर सोया सॉसचा जुना धंदा. पश्चिमेच्या इबुकी बेटावर इरिको, म्हणजे उकडून वाळवलेले बारीक मासे, आपल्या सुक्या मांदेलीची आठवण करून देणारे. पीठ, मीठ, सॉस आणि सार हे सगळं हाताच्या अंतरावर. २०२० च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या साडेनऊ लाख होती आणि उदोनची दुकानं पाचशेच्या वर. २०११ पासून तर सरकारी जाहिरातच 'उदोन प्रांत' या नावानं चालते.

एक गंमत मात्र सांगायला हवी. आज इथलं बहुतेक उदोन ऑस्ट्रेलियातून आलेल्या गव्हाचं असतं. त्याचा रंग आणि ताण दोन्ही उदोनला मानवतात. प्रांतानं स्वतःचं वाण काढलंय, 'सानुकी नो युमे', म्हणजे सानुकीचं स्वप्न. काही दुकानं अभिमानानं फक्त तेच वापरतात. वास छान, पण पीठ मळणाऱ्याचा घाम काढतं म्हणे.

दुकानं किती प्रकारची असतात?

ढोबळमानानं तीन. एक, जिथं तुम्ही टेबलाशी बसता आणि कुणीतरी ऑर्डर घेतं. दोन, सेल्फ, जिथं ट्रे घेऊन रांगेतून सरकायचं. तीन, सेइमेन्जो, म्हणजे मुळात नूडल्स बनवून दुकानांना पुरवणारा कारखाना. एका कोपऱ्यात चार बाकं टाकून तिथं खायलाही देतात. तिसऱ्या प्रकारात पाटीसुद्धा धड नसते. शेतातल्या पत्र्याच्या शेडसमोर गाड्यांची रांग दिसली की समजायचं. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी सेल्फमधे जा आणि हिंमत आली की सेइमेन्जो शोधा.

सेल्फ दुकानात नेमकं करायचं काय? मला भीती वाटते.

मलाही वाटली होती. पहिल्या दिवशी मी काउंटरवर बोट दाखवून एक वाडगा घेतला. त्यात नुसते उदोन, गार, कोरडे. मी आज्ञाधारकपणे पैसे दिले, टेबलाशी जाऊन बसले आणि कुणी सार वाढायला येईल म्हणून वाट पाहिली. पाच मिनिटांनी एकेक उदोन चॉपस्टिकनं उचलून तसंच खायला लागले. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा बघत होते. त्यांनी स्वतःचा वाडगा बाजूला ठेवला, माझा उचलला आणि मानेनं 'चला' म्हटलं. उकळत्या पाण्याच्या हौदापाशी नेलं, माझे उदोन लांब दांड्याच्या जाळीत ओतले, पाण्यात दोन-चार हिसके दिले, पाणी झटकलं, परत वाडग्यात. मग एका स्टीलच्या पिंपापाशी. त्याला आपल्या पाण्याच्या पिंपासारखाच नळ. नळ फिरवला तर वाफाळतं, सोनेरी सार! वर कांद्याची हिरवी पात, किसलेलं आलं. वाडगा माझ्या हातात दिला आणि काही न बोलता जाऊन आपलं उरलेलं खाऊ लागले.

तर क्रम असा. आत शिरलं की ट्रे घ्या. काउंटरवर प्रकार आणि आकार सांगा: 'काके, शो' म्हणजे साध्या साराचे, लहान. पुढे सरकताना तळणीचं ताट लागतं, त्यातलं हवं ते चिमट्यानं उचलून बशीत घ्या. मग गल्ला. गल्ल्यावरची बाई तुमच्या ट्रेकडे एक नजर टाकून क्षणात आकडा सांगते. त्यानंतर सार आणि वरचं साहित्य. काही दुकानांत सार तेच घालून देतात, तर काहींत उदोन गरम करण्यापासून सगळं तुमच्याकडे. कसं ते कळलं नाही तर पुढच्या माणसाचं बघायचं. खाऊन झालं की ट्रे परतीच्या खिडकीवर नेऊन ठेवायचा आणि 'गोचिसोसामा' म्हणायचं. जेवण छान झालं, आभार, असा त्याचा अर्थ. आतून कुणीतरी दिसत नसतानाही उत्तर देतं.

रांगेत उभं राहूनच काय हवं ते ठरवून ठेवा, एवढंच पथ्य. दुपारी बाराला मागे पंधरा ऑफिसवाले उभे असतात आणि प्रत्येकाकडे वीस मिनिटं असतात. सकाळच्या वडापावच्या गाडीवर 'भैया, वड्यात काय असतं?' विचारणाऱ्याकडे आपण जसं बघतो, तसं ते बघतील. बोलणार मात्र नाहीत.

पाटीवरची नावं कशी वाचायची?

वाचता आली नाहीत तरी ऐकून ओळखता येतील एवढी पाच-सहाच आहेत.

काके: गरम सारातले. पहिल्या वेळी हेच घ्या, कारण दुकानाची खरी परीक्षा इथं होते, सार आणि उदोन दोघांनाही लपायला जागा नसते.

बुक्काके: कमी पण दाट साराचं मिश्रण वरून ओतलेलं, वर मुळ्याचा कीस, लिंबाची फोड. उन्हाळ्यात गार घ्या.

झारु: गार उदोन बांबूच्या जाळीवर, बाजूला बुडवायचं सार.

शोयु: गार उदोनवर सोया सॉसची धार, मुळा, सुदाची नावाचं हिरवं आंबट फळ. धार म्हणजे धारच. आमच्या काकांनी उसळीवर कट ओतावा तसा सॉस ओतला आणि मग तासभर पाणी पीत बसले.

कामाआगे: भांड्यातून थेट, न धुता, त्याच गरम पाण्यासकट. हे सगळ्यात मऊ. ज्यांना दातांचा त्रास आहे त्यांना हेच द्या. मात्र ताजे उकळावे लागत असल्यानं थांबावं लागतं.

कामातामा: तसेच भांड्यातून काढलेले उदोन कच्च्या अंड्यावर टाकून भराभर ढवळायचे आणि वर थोडा सॉस. आयागावा गावातल्या एका दुकानात याची सुरुवात झाली, असं मानतात.

काही जुन्या दुकानांत काके मागितलं की उलट प्रश्न येतो: 'आत्सु-आत्सु? हिया-आत्सु?' पहिला शब्द उदोनसाठी, दुसरा सारासाठी. आत्सु म्हणजे गरम, हिया म्हणजे गार. 'हिया-आत्सु' म्हणजे गार उदोनवर गरम सार. ऐकायला विचित्र वाटतं, पण उदोनची कंबर टिकते आणि जीभही भाजत नाही. मी बाराही महिने तेच घ्यायचे.

एक प्लेट किती मोठी? पोट भरेल का?

इथं मोजमाप 'तामा'त, म्हणजे गोळ्यांत. धुऊन झाले की उदोनची एकेक गुंडाळी करून ठेवतात, तो एक तामा. शो म्हणजे बहुधा एक तामा, दाई म्हणजे दोन, त्याच्या मधे किंवा वर आणखी काही असेल तर दुकानागणिक वेगळं. एका तामानं मध्यम भुकेच्या माणसाचं भागतं. पण इथले लोक एका दुपारी तीन दुकानं पालथी घालतात, आणि तुम्हीही घालाल. म्हणून प्रत्येक ठिकाणी शोच घ्या. पहिल्याच दुकानात दाई आणि दोन तळणी घेणारा पाहुणा दुसऱ्या दुकानाच्या बाहेर बाकावर बसलेला मी अनेकदा पाहिलाय.

खर्च किती? कार्ड चालतं?

लहान काके साधारण तीनशे ते पाचशे येन, तळणीचा एक तुकडा शंभर ते दोनशे. शंभर येन म्हणजे साठ रुपयांच्या आतबाहेर. शहरातल्या दुकानांत कार्ड किंवा मोबाइलनं पैसे देता येतात, खेड्यातल्या सेइमेन्जोत मात्र रोख आणि तेही सुट्टे न्या. तिथं कधीकधी खाऊन झाल्यावर आपणच सांगायचं, एक काके, एक भजी, आणि ते विश्वास ठेवून पैसे घेतात. टीप देऊ नका. ठेवलीत तर विसरलात असं समजून मागून धावत येतील.

कधी जायचं?

सकाळी. हे पुन्हा सांगते, सकाळी. इथं उदोन हा नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्या मधला प्रकार आहे. पुष्कळ दुकानं दुपारी दोन-अडीचला बंद होतात, आणि त्याआधी पीठ संपलं तर त्याआधी. दारावरचा कापडी पडदा आत घेतलेला दिसला की विषय संपला, काच वाजवू नका. संध्याकाळी सातला 'चला, सानुकी उदोन खाऊ' म्हणणाऱ्यांसाठी स्टेशनजवळची मोजकी दुकानं उरतात. रात्री उशिरा कढीसारखं दाट करी उदोन देणारी दुकानंही शहरात आहेत, पण ती दारू पिऊन घरी जाणाऱ्यांची मिसळ समजा.

आम्ही शाकाहारी आहोत. काय मिळेल?

या प्रश्नाचं गोड उत्तर देणारे बरेच भेटतील. मी खरं उत्तर देते: थोडंच मिळेल आणि तेही नीट विचारून.

उदोन स्वतः पूर्ण शाकाहारी आहेत. अडचण साराची. सार, म्हणजे दाशी, इथं इरिको माशांचंच असतं. जोडीला कोंबु नावाची समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन लाकडासारखा कडक केलेला मासा. वाडग्यात मासा दिसत नाही, म्हणून दुकानदाराच्या लेखी ते 'मांसाहारी' नसतंच. माझ्या आत्याला एका दुकानात 'मांस नाही ना?' विचारल्यावर अगदी प्रेमानं 'नाही, नाही' म्हणून काके वाढलं. फसवायचा हेतू कुणाचाच नव्हता, तिथं मांस म्हणजे मांस आणि मासा म्हणजे मासा. तिनं दोन घोट घेतले, वाडगा खाली ठेवला आणि मला विचारलं, 'याला सुकटीचा वास का येतोय?' त्या दिवसापासून मी 'मांस नाही' हा शब्दप्रयोग सोडून दिला.

त्याऐवजी म्हणा: 'निकु मो साकाना मो दाशी मो दामे देसु.' मांस, मासे आणि दाशी तिन्ही चालत नाही. मग मागायचं ते शोयु उदोन किंवा कामाआगे, आणि सोबतचं सार परत द्यायचं. वर फक्त 'कि-जोयु', म्हणजे साधा सोया सॉस. इथं एक खड्डा आहे. टेबलावरच्या बाटलीत पुष्कळदा 'दाशी-जोयु' असतं, म्हणजे माशाच्या अर्काचा सॉस. बाटलीवरची अक्षरं मोबाइलनं वाचून घ्या. सॉसबरोबर मुळ्याचा कीस, आलं, भाजलेले तीळ, कांद्याची पात, लिंबू. साधं वाटतं, पण गरम कामाआगेवर तीळ चुरून घातले आणि आलं जरा सढळ हातानं घेतलं तर उत्तम लागतं. आत्यानं शेवटी तेच दोन वेळा खाल्लं.

तळणीतलं रताळं, भोपळा, वांगं बघून जीव सुटतो. पिठात अंडं असण्याची शक्यता मोठी आणि कढई तीच, जिच्यात कोळंबी आणि माकूळ तळलेत. तेनकासु नावाचे कुरकुरीत कण फुकट ठेवलेले असतात, ते त्याच कढईतले. इनारी, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात, दिसायला अगदी निरुपद्रवी, पण ती पिशवीही बहुधा दाशीत शिजवलेली असते. कुठवर चालवून घ्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. सगळं कडक पाळायचं असेल तर डब्यात दशमी-चटणी ठेवा आणि दुकानात सोबत म्हणून जा, पण निदान एक लहान शोयु मागवा, जागा अडवून बसू नका.

आणि जैन किंवा उपवासाचं?

जैन मंडळींनी कामाआगेवर कि-जोयु, तीळ आणि लिंबू, इतकंच. आलं, मुळा आणि पात बाजूला. एकादशीला गहू चालत नाही, तेव्हा प्रश्नच मिटला.

'निकु उदोन' मधे कुठलं मांस असतं?

पश्चिम जपानात नुसतं निकु म्हटलं की बहुतेक वेळा गोमांस. तोक्योकडे डुकराचं. करी उदोनच्या मसाल्याच्या वड्यांतही प्राण्यांची चरबी असते, तेव्हा त्यात तुकडे दिसले नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. कोंबडी हवी असेल तर तळणीच्या ताटात बघा, 'तोरितेन' म्हणजे चिकनची भजी.

मासे खाणाऱ्यांनी तळणीतलं काय घ्यावं?

चिकुवा. माशाच्या पेस्टची पोकळ नळी, उभी चिरून पिठात बुडवून तळलेली. इथल्या माणसाचा हात आपोआप तिच्याकडे जातो. अर्धी कुरकुरीत खायची, अर्धी सारात बुडवून फुगू द्यायची. दुसरी पसंती गेसो, माकुळाच्या तंगड्या. काही दुकानांत कोपऱ्यात ओदेनचं भांडं मंद उकळत असतं, त्यात काडीला टोचलेला मुळा, अंडं, तोफू. उदोन येईपर्यंत एखादी काडी उचलायची, वर मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टची, गोडसर मोहरी लावायची. मालवण-गोव्याकडच्या पाहुण्यांना हा सगळा प्रकार पहिल्या घासालाच कळतो, देशावरच्यांना दुसऱ्या दिवशी.

कच्चं अंडं खाऊन काही होत नाही?

जपानात अंडी कच्ची खाण्यासाठीच धुऊन, तपासून विकतात आणि डब्यावरची तारीख कच्चं खाण्याची असते. मी तीन वर्षं खाल्लं. तरी गरोदर बायका, तान्ही मुलं आणि नाजूक पोटाचे आजी-आजोबा यांनी कामातामा टाळलेलं बरं. उदोनच्या वाफेनं अंडं अर्धवटच शिजतं.

आवाज करत खायचं हे खरं का?

खरं. सुर्रर्र करून ओढायचं. त्यानं उदोन जरा निवतात आणि साराचा वास नाकापर्यंत पोचतो. आपल्याकडे लहानपणी 'तोंडाचा आवाज करू नकोस' म्हणून पाठीत धपाटा मिळालेला असल्यानं सुरुवातीला जमत नाही. जमलं नाही तरी कुणी काही म्हणत नाही. सानुकीतले काही म्हातारे उदोन चावतसुद्धा नाहीत, घशानं अनुभवायचे असतात म्हणतात. तो प्रयोग करू नका.

चॉपस्टिक्स जमत नाहीत. चमचा मिळेल?

साध्या दुकानात चमचा बहुधा नसतोच. सार वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्यायचं. काट्यासाठी 'फोकु आरिमासु का?' विचारा, नसेल तर स्वतःचा आणलेला काढा, कुणी हसत नाही. दोनच गोष्टी टाळा: चॉपस्टिक भातात उभ्या खोचणं आणि एकानं आपल्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देणं. दोन्हींचा संबंध अंत्यविधीशी आहे. दहनानंतर अस्थी अशाच काड्यांनी हातोहात देतात.

बीपी आहे, चालेल?

उदोनमधलं बरंचसं मीठ उकळताना निघून जातं, खरं मीठ सारात. सार प्यायचं सोडलं तर चालतं आणि उरलेलं सार ठेवलं म्हणून कुणाला राग येत नाही. गव्हाची ॲलर्जी असेल तर इथं खाण्यासारखं काही नाही. बकव्हीटची असेल तर सोबाही विकणारं दुकान टाळा, उकळायचं पाणी एकच असू शकतं.

पीठ खरंच पायांनी तुडवतात?

हो. जाड प्लास्टिकच्या चादरीत गुंडाळून, वर उभं राहून, टाचेनं. कणीक घट्ट असते, चपातीच्या कणकेच्या दुप्पट घट्ट म्हणा, हातानं मळताना मनगटं जातात. मग घडी घालायची, पुन्हा तुडवायची, आणि मग झोपवायची. 'झोपवायची' हा त्यांचाच शब्द. विश्रांती दिली की ताण सैल होऊन लाटता येते.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मिठाची. जुन्या कारागिरांचं एक सूत्र आहे: 'दो-सान, कान-रोकु, जो-गो-हाई.' एक वाटी मिठाला ऐन उन्हाळ्यात तीन वाट्या पाणी, थंडीत सहा, एरवी पाच. उन्हाळ्यात कणीक लवकर सैल पडते म्हणून पाणी जास्त खारट, थंडीत कमी. लोणच्याचं मीठ हाताच्या अंदाजानं घालणाऱ्या माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात एवढं सूत्र कशाला? पण हवा बघून मीठ बदलायचं, हे तिला पटलं असतं.

तुम्हाला स्वतः तुडवायचं असेल तर कोतोहिरातल्या नाकानो उदोन शाळेत जा. तिथं मोठ्यानं गाणी लावून पर्यटकांकडून नाचत नाचत कणीक तुडवून घेतात. माझे साठीचे काका तिथं जे नाचले, तसे घरातल्या कुठल्याच लग्नात नाचलेले नाहीत. शेवटी आपलंच उदोन उकळून खायला मिळतं. जाडी एकसारखी नसते, पण तक्रार कुणाकडे करणार?

कोतोहिराला जायचंच आहे. तिथं आणखी काय?

कोन्पिराचं देऊळ, ७८५ पायऱ्या. आतल्या देवळापर्यंत १३६८. खलाशांचा देव. कोन्पिरा हे नाव संस्कृत 'कुंभीर' वरून आलंय, कुंभीर म्हणजे मगर, आपल्या गंगेतली. बौद्ध धर्माबरोबर मगर इथवर आली आणि डोंगरावर चढून बसली. यात्रेकरूंची गर्दी जुनी, त्यांना खायला घालणारी उदोनची दुकानंही जुनी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराला काढलेल्या एका चित्रपडद्यावर या गावाची जत्रा आहे, आणि त्यात उदोनची दुकानं दिसतात.

ताकामात्सुहून कोतोदेन नावाच्या छोट्या रेल्वेनं तासाभरात पोचता. आधी चढा, मग खा. उलट करणाऱ्यांना पाचशेव्या पायरीवर दाई वाडगा आठवतो. कोतोहिरात उदोन टॅक्सीही मिळते, टपावर उदोनच्या वाडग्याचा दिवा. तिच्या चालकांना उदोनची परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे पाटी नसलेली दुकानं त्यांना बरोबर ठाऊक असतात.

मारुगामे सेइमेनमधे खाल्लंय. तेच ना हे?

मारुगामे हे कागावातल्या शहराचं नाव, पण त्या नावाच्या उदोन दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान २००० साली ह्योगो प्रांतातल्या काकोगावात निघालं. रांगेत सरकायची पद्धत सानुकीचीच. परदेशात सराव करायला उत्तम. इथल्या लोकांसमोर मात्र 'आम्ही खाल्लंय' म्हणू नका, ते हसून विषय बदलतात.

कुठल्या ऋतूत यावं?

कधीही. २ जुलै हा इथं उदोन दिवस असतो. भाताची लावणी उरकली की नव्या गव्हाचे उदोन करून राबलेल्या माणसांना घालायचे, ही जुनी रीत. थंडीत 'शिप्पोकु' मिळतं: मुळा, गाजर, अळकुड्या, तळलेला तोफू यांचं कालवण उदोनवर. आणि वर्ष संपताना सगळा जपान सोबा खातो तेव्हा कागावातली पुष्कळ घरं उदोनच खातात. ३१ डिसेंबरला दुकानाबाहेरची रांग गल्लीला वळसा घालून जाते, त्या दिवशी माझ्या भरवशावर येऊ नका.

घरी नेता येतं का?

येतं. वाळवलेले किंवा अर्धे ओले उदोन विमानतळावर आणि स्टेशनवर मिळतात, अर्धे ओले घ्या, चव जवळची. सोबतच्या साराच्या पुड्यांत मासा असतो, शाकाहारी घरी नेताना त्या काढून ठेवा. त्याच विमानतळावर एक नळ आहे, फिरवला की दाशी येते, निघताना एक घोट घेऊन बघा.

उकळायला भांडं मोठं, पाणी भरपूर, पाण्यात मीठ घालायचं नाही, आणि शेवटी थंड पाण्यात चोळून धुवायचे. धुवायला कंटाळलात तर चिकट लगदा होतो. मी पुण्याला नेलेलं पहिलं पाकीट आईनं मी अंघोळीला गेले असताना उकळलं. बाहेर आले तर जिरं-मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, दाण्याचं कूट आणि लिंबू पडून उदोनचा उपमा तयार होता. म्हणाली, 'तुझ्या त्या सॉसला वास येत होता गं.' कंबर मात्र शाबूत होती. वडिलांनी दोनदा वाढून घेतला.